टाइम, वेळ आणि वापसा

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत कुठल्याही बऱ्यापैकी कारखान्याच्या फाटकाला लागून एक लहानशी खोली असते. साहेबापासून हेल्परपर्यंत सगळे तिला ‘टाइम ऑफिस’ म्हणतात. भिंतीवर अंगठा टेकवायचे यंत्र, टेबलावर मस्टर, गेटपासचे पुस्तक, बाजूला शिफ्टचा तक्ता. अंगठा टेकला की नावापुढे तास, मिनिट, सेकंद उमटतात, आणि महिनाअखेरी त्या आकड्यांचा पगार होतो, लेटमार्क होतो किंवा ‘ओटी’ (ओव्हरटाइम) होते. त्याच हिंगणा तालुक्यात, वेणा नदीच्या आसपासच्या गावांत, जूनच्या पावसानंतर शेतकरी वेगळ्याच गोष्टीची वाट पाहत असतो. तो बांधावर वाकतो, मूठभर काळी माती उचलून दाबतो. गोळा चिकटून राहिला तर अजून थांबायचे. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला, तर वापसा आला. मग पेरणीला तिफण काढायची. दोनतीन दिवस कडक ऊन पडले तर हीच माती दगडासारखी होते आणि वापसा निघून जातो. टाइम ऑफिसातला टाइम आणि शेतातला वापसा, दोन्ही काळाचीच नावे आहेत. पण ती एकाच वस्तूची नावे आहेत का? काळ ही एकच सलग वस्तू असून आपण तिचे तुकडे पाडून वापरतो, की ‘काळ’ म्हणून आपण मुळातच वेगवेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरल्या आहेत? प्रश्न जुना आहे. दर्शनांनी तो आपापल्या परीने सोडवला आहे. मला वाटते, मराठी बोलणाऱ्यांनी एक इंग्रजी शब्द जसा वापरायला घेतला, त्या वापरातही या प्रश्नाचे एक उत्तर आहे आणि ते विचारात घेण्याजोगे आहे.

आधी त्या इंग्रजी शब्दाकडे पाहू. ‘टाइम’चे मूळ भाषाशास्त्रज्ञ वाटणी करणे, तुकडे पाडणे या अर्थाच्या प्राचीन धातूपाशी नेतात. भरतीओहोटीसाठीचा ‘टाइड’ हा इंग्रजी शब्दही त्याच कुळातला, आणि पूर्वी त्याचाही अर्थ वेळ असाच होता. आज इंग्रजी माणूस एकाच ‘टाइम’ने किती कामे करतो पाहा. घड्याळात किती वाजले ते टाइम, एखादे काम किती चालले ते टाइम, तीनदा केले तर ते तीन टाइम्स, शिवाजी महाराजांचा जमाना तोही टाइम, आणि विश्वाचा जो आधार तत्त्वज्ञ शोधतात तोही टाइमच. मराठीत यांपैकी प्रत्येकाला वेगळे घर आहे. वेळ, काळ, समय, तास, वेळा, जमाना, घटका, प्रहर. त्यातही ‘वेळ’ हा शब्द फार बारकाईने पाहण्यासारखा आहे. संस्कृतातल्या ‘वेला’ शब्दाला काळ हा अर्थ आहे तसा समुद्रकिनारा, मर्यादा, भरती हाही आहे. मराठीत या शब्दाला दोन लिंगे आहेत. ‘माझा वेळ गेला’, ‘फार वेळ लागला’ यांत तो पुल्लिंगी; ‘जेवायची वेळ झाली’, ‘कठीण वेळ आली’ यांत ती स्त्रीलिंगी. प्रत्यय लागला की फरक उघडाच पडतो. ‘थोड्या वेळाने ये’ म्हणजे मध्ये काही अवधी जाऊ दे. ‘वेळेवर ये’ म्हणजे ठरलेला क्षण चुकवू नकोस. शाळेची पायरी न चढलेले माणूसही यात चुकत नाही. ‘वेळ’ मोजता येतो, वाचवता येतो, घालवता येतो. ‘वेळ’ येते, टळते, साधते, चुकते. पहिल्याच्या दोन भागांची बेरीज होते. दुसरीच्या बाबतीत बेरजेचा प्रश्नच उद्भवत नाही. लग्नाची वेळ आणि पेरणीची वेळ मिळून कसलीही मोठी वेळ तयार होत नाही.

या दोन घरांत ‘टाइम’ आला तो रुळांवरून आणि भोंग्याबरोबर. रेल्वे नागपूरला १८६७ साली पोहोचली. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. गाडी सुटण्याची आणि मिलचे फाटक बंद होण्याची घटका सर्वांसाठी एकच असावी लागते; ती माणसागणिक बदलून चालत नाही. त्याआधी काळ कसा सांगितला जाई याची खूण आपल्या रोजच्या बोलण्यात शिल्लक आहे. ‘किती वाजले?’ असे आपण विचारतो. म्हणजे ठोके किती पडले ते विचारतो. ‘तास’ हा फारसीतून आलेला शब्दही मुळात धातूच्या भांड्याचा, थाळीचा. घटिकापात्र पाण्यात बुडाले की एक घटका झाली, म्हणजे आजची चोवीस मिनिटे. ज्याने ते पाहिले त्याने थाळीवर टोला द्यायचा आणि गावाने ऐकायचे. टोल्याचा आवाज पोहोचेल तेवढाच त्या काळाचा मुलूख. पुढे १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, ८२.५ अंश रेखांशाची. मुंबईच्या महापालिकेने तिला कित्येक दशके दाद दिली नाही आणि आपला मुंबई टाइम सांभाळला. हिंगणा ७९ अंशांच्या जरा अलीकडे आहे. अंशाला चार मिनिटे धरली तर सरासरीने हिंगण्याचा सूर्य घड्याळाच्या सुमारे चौदा मिनिटे मागे चालतो. कारखान्याच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा अंगणातल्या सावलीचे बारा अजून वाजायचे असतात. त्या चौदा मिनिटांची तक्रार आज कुणी करत नाही, करायचे कारणही नाही. पण एवढे ध्यानात ठेवावे की ‘टाइम’ या शब्दाने जे आपल्याकडे आले ते उगवत्या सूर्याकडून आलेले नाही. माणसांनी माणसांशी केलेला तो करार आहे.

यावर पहिला आक्षेप सहज सुचण्यासारखा आहे. टाइम जर करारापुरता, हिशेबापुरता आला असेल तर तो स्वयंपाकघरात आणि नशिबातही कसा शिरला? नागपूरकडे ‘टायम’ कशाला म्हणत नाहीत? ‘जेवायचा टायम झाला’, ‘लय टायम लागला’, ‘दिवसातून तीन टाइम गोळी घे’, ‘त्याचा टायम खराब चालू आहे’. अवधी, नेमका क्षण, मोजणी, दैव, सगळे एका शब्दाने सांगून होते. म्हणजे इंग्रजीचा एकच एक काळ आम्हीही मानला, असे कुणी म्हणेल. आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष खरा नाही. नामाच्या जागी टाइम बसला, पण क्रियापदे मराठीच राहिली आणि वाटणीचे काम त्यांनी उचलले. ‘टाइम झाला’ म्हणजे ठरलेला क्षण पोहोचला. ‘टाइम लागला’ म्हणजे अवधी गेला. ‘टाइम आला’ म्हणजे दिवस फिरले. ‘टाइम नाही’ म्हणजे सवड नाही. चार क्रियापदांत चार वेगळे काळ आहेत आणि ऐकणारा कधीही गोंधळत नाही. काही जागी मात्र टाइमला आत घेतच नाहीत. ‘वेळ आली होती पण काळ आला नव्हता’ ही म्हण घ्या. रस्त्यावरच्या अपघातातून कुणी बचावले की आजही हिंगण्यात ही म्हण निघते. तिच्यात दोन्हीकडे टाइम घालून पाहा, वाक्य मोडून पडते. वेळ म्हणजे प्रसंग, काळ म्हणजे मृत्यू, आणि म्हणीचे सगळे बळ या दोहोंच्या मधल्या फटीत आहे. मृत्यूला मराठी माणूस टाइम म्हणत नाही. पेरणीच्या क्षणाला ‘पेरायचा टाइम’ म्हणेलही, पण वापशाला वापसाच म्हणतो.

आता दर्शनांकडे वळू, कारण तिथे हा वाद नावानिशी मांडला गेला आहे. वैशेषिकांनी नऊ द्रव्ये मानली, त्यांत काल हे एक. ते एकच आहे, सर्वव्यापी आहे, नित्य आहे. क्षण, दिवस, महिना हे भेद सूर्याच्या गतीसारख्या उपाधींमुळे दिसतात, जसे एकच आकाश घटाघटांत वेगळे भासते. टाइम ऑफिसमागे हेच तत्त्वज्ञान आहे, तिथे बसणाऱ्याला त्याचे नाव माहीत असो वा नसो. एकसारखा, सगळीकडे सारखा वाहणारा काळ, आणि त्यावर आखलेल्या शिफ्टच्या रेघा. बौद्ध आचार्य नागार्जुनाने याच्या बरोबर उलट बाजूने प्रश्न केला. तिबेटी परंपरा त्याचा जन्म विदर्भातला मानते आणि नागपूर जिल्ह्यातच रामटेकजवळ त्याच्या नावाची टेकडी दाखवतात. त्याच्या मध्यमककारिकेचे एकोणिसावे प्रकरण कालपरीक्षेचे आहे. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा. वर्तमान आणि भविष्य हे भूतकाळाच्या अपेक्षेने ओळखले जातात. ज्याला दुसऱ्याच्या टेकूशिवाय उभे राहता येत नाही त्याला स्वतंत्र अस्तित्व कसे देणार? आणि काळ जर वस्तूंच्या आधाराने असेल, तर वस्तू बाजूला काढल्यावर उरते काय? वैयाकरण भर्तृहरीने तिसरी वाट धरली. वाक्यपदीयात काळ ही वस्तू नसून शक्ती आहे, आणि ती दोन रीतींनी चालते. एकीला तो अभ्यनुज्ञा म्हणतो, दुसरीला प्रतिबंध. कुठल्या गोष्टीने आता प्रकट व्हावे आणि कुठलीने अजून थांबावे हे काळ ठरवतो, म्हणून तो जगाच्या यंत्राचा सूत्रधार. मला या तिघांत भर्तृहरी सर्वांत जवळचा वाटतो, आणि कारण वापशाचे आहे. बी तेच, माती तीच, माणूस तोच, तरी काल पेरले असते तर कुजले असते आणि परवा पेरले तर उगवणार नाही. आज परवानगी आहे. ही परवानगी घड्याळाच्या कुठल्याही काट्यावर लिहिलेली नसते, तरी ती खोटी नसते. तिफण घेऊन निघालेल्या माणसाइतके तिचे खरेपण कुणालाच कळत नाही.

धर्माच्या भाषेत काळाच्या या वेगवेगळ्या अर्थांचा घोळ किती महागात पडतो याचे एक उदाहरण जगाला माहीत आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप दाखवणारे श्रीकृष्ण स्वतःला ‘काल’ म्हणवतात. चार्ल्स विल्किन्सने १७८५ साली गीतेचे पहिले इंग्रजी भाषांतर केले, त्यात त्याने तिथे ‘टाइम’ घातला. अणुबाँबच्या संदर्भात भौतिकशास्त्रज्ञ ओपेनहायमरने हेच वचन आठवले तेव्हा त्याच्या तोंडी ‘डेथ’ होता. दोघांनाही एक निवडावे लागले, कारण त्यांच्या शब्दात दुसरा अर्थ बसत नव्हता. मराठी वाचकाला निवडावे लागत नाही. काळ आला म्हणजे काय हे त्याला घरातच कळलेले असते. दुसरे उदाहरण आपल्या नागपूरचे आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर इथल्या वस्त्यावस्त्यांतल्या विहारांत त्रिरत्न वंदना म्हटली जाते, आणि तीत धम्माला जी विशेषणे लावली आहेत त्यांपैकी एक आहे ‘अकालिक’. इंग्रजीत त्याचे एक भाषांतर ‘टाइमलेस’ असे होते, म्हणजे काळाच्या पलीकडचे, सनातन. पण जुन्या पाली भाष्यपरंपरेने लावलेला अर्थ निराळा आहे: ज्याच्या फळासाठी काळ जावा लागत नाही, जे इथेच, ताबडतोब फळते. दोन्हींत किती अंतर पडले पाहा. पहिल्या अर्थाने धम्म आभाळात जातो, दुसऱ्याने तो आजच्या वागण्यात येतो. ज्या समाजाला पुढच्या जन्माच्या वायद्यावर शतकानुशतके थांबवून ठेवले गेले त्याने हा धम्म स्वीकारला, त्याला दुसरा अर्थच हवा होता. ‘अकालिक’ घड्याळ नाकारत नाही. वाट पाहायला लावणाऱ्या काळाला मात्र नकार देतो.

दुसरा आक्षेप पंडिताचा असेल. भाषेच्या सवयींवरून विश्वाचे स्वरूप ठरत नाही. ‘ग्रंथ’ पुल्लिंगी आणि ‘पोथी’ स्त्रीलिंगी म्हणून काही दोन प्रकारची वस्तुतत्त्वे सिद्ध होत नाहीत. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि लिंगभेदावर माझी मदार नाहीच. माझी मदार व्यवहारातल्या फरकावर आहे. व्याकरणाने त्याची फक्त नोंद ठेवली. पुल्लिंगी वेळाची उधारी होते, तुमचा वेळ तुम्ही मला देऊ शकता. स्त्रीलिंगी वेळ कुणाला देता येत नाही. लेकीच्या लग्नाची वेळ बापाला दुसऱ्याकडून उसनी आणता येत नाही. हा फरक मराठी नसलेल्या माणसालाही तितकाच लागू आहे. त्याच्या भाषेत त्याची नोंद कमी झाली, इतकेच. भौतिकशास्त्राचा आधार घेणारा म्हणेल की समीकरणात काळ एकच असतो, आणि १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांनी पक्की झालेली आहे. झालेली आहे, आणि ते माणसाच्या बुद्धीचे मोठे यश आहे. पण व्याख्या मापाची आहे. मीटरची लांबी पक्की झाली म्हणून घर आणि स्मशान यांतले अंतर केवळ लांबीचे ठरत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो न्यायाच्या बाजूने येतो. मोजलेल्या काळाला असे कमी लेखणे कामगाराला परवडणारे आहे का? ‘वेळ’, ‘प्रसंग’, ‘परवानगी’ या मोघम गोष्टींचा आधार मालकानेच घेतला तर? काम संपेपर्यंत थांबा, दिवस मावळेपर्यंत राबा, असेच तर घड्याळापूर्वी चाले. सालगड्याला कुठले टाइम ऑफिस होते? हा आक्षेप खोडायचा नाही, मान्य करून पुढे जायचे. घड्याळाने मजुराच्या हाती पहिल्यांदा पुरावा दिला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या सुटीसाठी सहा वर्षे झुंज दिली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना आठ तासांच्या दिवसाचा प्रश्न धसास लागला, आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. १९४८ च्या कारखाने कायद्याने तीच मर्यादा कायम केली. हे सगळे टाइममुळे झाले, आणि त्याबद्दल त्या शब्दाचे ऋण मानलेच पाहिजे. पण याच लढ्यांकडे नीट पाहिले तर त्यांत दुसरा काळही हजर दिसतो. लोखंड्यांनी रविवारच का मागितला? सात दिवसांत एक दिवस एवढीच मागणी असती तर कुठलाही वार चालला असता. त्यांनी सांगितले, रविवार खंडोबाचा वार आहे. बेरजेत सातही वार सारखे. कामगाराच्या घरात नव्हते. सुटी किती हे टाइमने ठरले, कुठली हे खंडोबाने.

आणि कायद्यातच एक गोष्ट अशी आहे जी माझ्या मते या वादाचा निकाल लावायला पुरेशी आहे. ठरलेल्या तासांपलीकडे काम केले तर मजुरी दुप्पट. १९४८ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमाने हे सांगितले आणि नव्या कामगार संहितेनेही ते तत्त्व सोडलेले नाही. वैशेषिकांचा एकजिनसी काळ खरा मानला तर दहावा तास पहिल्या तासासारखाच साठ मिनिटांचा. त्याची किंमत दुप्पट व्हायचे कारण नाही. यंत्राला दोन तास सारखे असतात, अंगठ्याच्या नोंदीतही ते सारखेच उमटतात. तरी कायदा म्हणतो की सारखे नाहीत. मालकाला जादा काम घेण्यापासून परावृत्त करण्यासाठीचा हा केवळ दंड आहे, असे कुणी म्हणेल. असू द्या, पण परावृत्त का करायचे? कारण त्या तासाला घरी पोर जागे असते, पाठ वाकलेली असते, म्हातारीला दवाखान्यात न्यायचे असते. म्हणजे जो तास विकत घेतला त्याच्याखाली एक वेळ दबलेली आहे, आणि तिची किंमत नेमकी ठरवता येत नाही म्हणून कायद्याने हात जोडून ‘दुप्पट’ म्हटले. ती भरपाई आहे, किंमत नव्हे. ओटीच्या स्लिपवरचा आकडा पाहताना हे ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते, कारण पैशाने टाइम विकला जातो हे खरे असले तरी विकणाऱ्याजवळ त्याहून जास्त काही होते आणि ते सौद्यात नव्हते.

हिंगण्यात हे दोन काळ एकाच माणसाच्या अंगावर येतात, म्हणून या गावाचे उदाहरण घेतले. लोकमान्य नगरच्या मेट्रो स्टेशनाकडून शिफ्टला येणारा कामगार आणि तालुक्यातल्या खेड्यातून मोटरसायकलवर येणारा कामगार एकाच यंत्रावर अंगठा टेकतात. यांतल्या दुसऱ्याच्या घरची दोनचार एकर कपाशी किंवा सोयाबीन असू शकते. मृगाचा चांगला पाऊस पडला की त्याला दोन दिवसांची रजा हवी असते. रजेच्या अर्जात तारखेपासून तारखेपर्यंत असे दोन रकाने असतात आणि त्याखाली कारण. तो लिहितो, ‘घरगुती काम’. कुठल्या तारखेपासून हे त्याला आदल्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नसते. ते मातीने ठरवायचे असते. सुपरवायझरला तो सांगतो, ‘साहेब, टाइम नाही’. घरी फोन करून विचारतो, ‘वापसा झाला का?’